धामच्या काठी, उन्हाळ्याच्या सुट्टीत

वर्ध्याहून नागपूरच्या दिशेने निघाले की 8-10 किलोमीटरवर पवनार येते. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. गावाजवळून धाम नदी वाहते. तिच्या काठच्या उंचवट्यावर विनोबांचा परमधाम आश्रम आहे आणि पात्रातील खडकांवर गांधीजींच्या अस्थिविसर्जनाची स्मृती जपणारी छत्री आहे. वैशाखात नदीची धार रोडावते, खडक तापतात आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही.

अशाच एका रविवारी वर्ध्याच्या बाजारपेठेतील एक जैन कुटुंब सकाळीच आश्रमात आले होते. सोबत पुण्याहून सुट्टीसाठी आलेली दोन नातवंडे होती. गाडीतून उतरण्यापूर्वीच मोठ्या नातवाचे गाऱ्हाणे सुरू झाले होते. पुण्यात उंच पेल्यात आइस्क्रीम घातलेला सोडा मिळतो, त्याला फ्लोट म्हणतात. इथे मात्र काहीही मागितले की "नको" हेच उत्तर मिळते. "पुढच्या सुट्टीत मी येणार नाही," असे तो सहज बोलून गेला. आजी काही बोलल्या नाहीत. पण ते वाक्य त्यांच्या मनाला लागले.

विनोबा 1938 मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी येथे जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहावयास आले. 1959 मध्ये त्यांनी येथे भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. जैन यात्रेकरूंना या स्थानाविषयी विशेष जिव्हाळा वाटतो, त्याला कारण आहे. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सर्व आम्नायांना मान्य झालेला 756 गाथांचा 'समणसुत्तं' हा ग्रंथ विनोबांच्याच प्रेरणेने सिद्ध झाला. संकलन जिनेन्द्र वर्णी यांनी केले. पुढे अन्न व औषध यांचा त्याग करून 15 नोव्हेंबर 1982 रोजी, दिवाळीच्या म्हणजेच महावीर निर्वाणाच्या दिवशी, विनोबांनी येथेच देह ठेवला.

गांधीजींच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत आहे. विनोबांचा आहारही मोजका, मुख्यतः दूध-दह्याचा असे. हे ऐकताच नातवाने विचारले, "मग त्यांनाही कोणी नको म्हणत होते का?" आजी उत्तरल्या, "नाही रे बाळा. त्यांनी ते स्वतःच स्वतःला सांगितले होते." परतीच्या वाटेवर त्या सुनेला म्हणाल्या, "सूनबाई, त्यांचा तो सोडा घरी होण्यासारखा आहे का? घरी केला, तर त्यात काय घातले ते तरी आपल्याला ठाऊक असेल."

हे पेय मूळचे अमेरिकेचे. 1874 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन या सोडाविक्रेत्याने सोड्यात आइस्क्रीम घालून ते विकले, असे सांगितले जाते; या शोधाचे दावेदार मात्र आणखीही आहेत. तिकडे प्रसिद्ध असलेल्या एका प्रकारात 'रूट बिअर' वापरतात. त्यात मद्य नसले, तरी मुळांच्या सालीचा स्वाद ही त्याची परंपरा. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरात तो प्रश्न उद्भवू नये, म्हणून संत्र्याचा मार्ग उत्तम. वर्धा जिल्ह्यातील आष्टी, कारंजा भागांत संत्र्याच्या बागा आहेत. मृग बहाराची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. त्यांचे सरबत बाटलीत भरून ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. गवळाऊ ही गाईची जातही याच जिल्ह्याची.

सुनेने 1 लिटर गाईचे दूध आटवून निम्मे केले. त्यात 150 ग्रॅम साखर, वाटीभर साय आणि वेलचीपूड घालून ते थंड केले व शीतकपाटात गोठत ठेवले. गोठताना दोनदा बाहेर काढून घुसळले. असे केल्याने बर्फाचे मोठे खडे होत नाहीत आणि आइस्क्रीम मऊ राहते. विकतचे आणावयाचे झाल्यास वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहावाच, शिवाय घटकांची यादीही वाचावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेले मांडले गेले. प्रत्येक पेल्यात 3 मोठे चमचे गाळलेले संत्र्याचे सरबत, त्यावर कडेने हळूहळू ओतलेला गार सोडा, तोही दोनतृतीयांशच. आणि सर्वांत शेवटी आइस्क्रीमचा एक गोळा. हा क्रम महत्त्वाचा आहे. सोड्यात विरघळलेला वायू आइस्क्रीमच्या खडबडीत पृष्ठभागावर वेगाने मोकळा होतो आणि दुधातील प्रथिने त्याचा फेस धरून ठेवतात. सोडा कोमट असेल किंवा पेला काठोकाठ भरला असेल, तर निम्मे पेय ताटात सांडते. संत्र्याच्या आंबटपणाने दुधाचे बारीक कण होऊ लागतात, म्हणून सरबतात लिंबूसत्त्व बेताचे असावे आणि पेय लगेच प्यावे.

पहिला पेला उतू गेलाच. दुसरा साधला. नातवाने तो आधी आजींसमोर धरला. त्यांचा बर्फाचा आणि आइस्क्रीमचा त्याग आहे. त्यांनी साध्या पाण्यातले संत्र्याचे सरबत घेतले आणि त्याच्या शेजारी बसून पेला संपवला. "तुम्हाला हे खावेसे वाटत नाही?" त्याने विचारले. "कधी कधी वाटते," आजी म्हणाल्या, "पण हा नेम माझा आहे, तुझा नाही. तुझा नेम तू मोठा झाल्यावर ठरव."

नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग दुसरा पेला मागण्याऐवजी त्याने आईकडून मापे विचारून घेतली आणि घरच्या पाककृतींच्या वहीत ती लिहून काढली. आजींनी चष्मा लावून पान वाचले आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ जोडली: सूर्यास्तापूर्वी, एका वेळी एकच.

ती वही वर्ध्याच्या घरीच राहिली. पुण्याला परतताना नातवाने ती मागितली होती. "पुढच्या सुट्टीत ये आणि इथेच करून दाखव," असे सांगून आजींनी ती फडताळात ठेवून दिली.