अप, डाउन आणि वर

परवा रात्री दोन वाजता मॅनेजरचा मेसेज आला, "यू अप?"

मी अप होतो. सर्व्हर मात्र डाउन होता. तो अप यावा म्हणून नऊ जण कॉलवर, आणि त्यातले आठ जण दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारणारे, "इज इट अप?" बॅकअप होता, पण तो कुठल्यातरी जुन्या सेटअपचा निघाला. फॉलोअप करून करून सगळेच फेडअप. दोन अक्षरांचा शब्द, पण आमच्या धंद्यात पगार त्याच्यावरच चालतो.

तसा हा 'अप' आपल्या घराघरात केव्हाच शिरलाय. गाडीला पिकअप नाही. ब्रेकअप झालं, मग पॅचअप झालं. चाळिशी आली, चेकअप करून घ्या. इंग्रजीत तर त्याचा काही नेमच नाही. 'टाइम इज अप' म्हणजे वेळ संपली. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. यात वर काय जातं? काहीच नाही. अर्थात आपल्या 'खाऊन टाक'मध्ये तरी कोण काय टाकतं? काम पुरं करण्याची जबाबदारी त्यांनी 'अप'वर टाकली, आपण 'टाक'वर. त्यामुळे फार हसायला नको.

असो. तर कॉलवर मी जरा मोठ्यानेच ओरडलो असणार, "स्टिल डाउन, स्टिल डाउन!" आतून बाबा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले.

"काय डाउन आहे?"

"सर्व्हर."

"मग चांगलंय की. डाउन म्हणजे घरी येतोय."

इथे थोडं सांगायला हवं. बाबांनी तेवीस वर्षं पुणे-मुंबई अप-डाउन केलं. 'अप-डाउन करणे' हे आमच्याकडे मराठी क्रियापदच आहे, लहानपणी मला तो हुद्दा वाटायचा. शाळेत बाईंनी "वडील काय करतात?" विचारल्यावर मी "अप-डाउन" असं उत्तर दिलेलं आहे. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, ती अप. संध्याकाळची डाउन.

गंमत अशी की पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आणि मुंबई समुद्राला टेकलेली. म्हणजे 'अप' गाडी चक्क घाट उतरते आणि 'डाउन' गाडी घाट चढते! तेही कसं, तर ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर, इतका खडा चढ. बोरघाटातला हा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावायची, ती गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत आणणार. उतरताना ब्रेक तपासायचे. शिवाय गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला चढावर वळवून थांबवायला कॅच सायडिंग. बाबा हे सगळं घरातल्या जिन्याबद्दल बोलावं तसं सांगतात.

मग उलटं का? कारण रेल्वेच्या अप-डाउनचा उंचीशी संबंधच नाही. विलायतेत लंडनकडे जाणारी गाडी अप. तोच रिवाज इकडे आला. मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबईत, म्हणून मुंबईकडे जाणारी अप. साहेब बसतो ते वर. आपलं मराठी या बाबतीत जमिनीला धरून आहे. कोकणातला माणूस 'वर घाटावर' येतो आणि पुण्याचा माणूस 'खाली कोकणात' जातो, साहेब कुठेही बसलेला असो. (फक्त 'वर गेला' जपून वापरावं. मी एकदा "सर्व्हर वर गेला" म्हणालो तर आजीने हात जोडले होते.)

आमच्या घरात 'डाउन' हा शब्द मात्र अंदाज न घेता उच्चारला जायचा. डाउन आली की आई कुकर लावायची, बाबा स्टेशनवरून घरी पोचेपर्यंत तीन शिट्ट्या. २६ जुलै २००५ ला कुकर लागला नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. बाबा सकाळी अपने गेले होते आणि डाउनचा पत्ता नव्हता. मोबाईल लागेना. मी आठ वर्षांचा. आई टीव्हीसमोर बसून होती आणि मी दर थोड्या वेळाने एकच विचारत होतो, "डाउन आली का?" तिने एकदाही रागावून गप्प केलं नाही, एरवी दुसऱ्याच वेळेला धपाटा पडला असता. बाबा तिसऱ्या दिवशी आले, कुठे चालत, कुठे ट्रकने. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने कडक झालेली. आल्या आल्या म्हणाले, "भूक लागलीय." त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा अप.

हे सगळं मला कॉलवर आठवलं, आणि "इज इट अप?" विचारणाऱ्या आठ जणांवरचा राग जरा कमी झाला.

सव्वापाचला सर्व्हर आला एकदाचा. बाबा उठलेलेच होते. २०१९ ला निवृत्त झाले तरी गजराशिवाय पाचला उठतात.

"अप आला, बाबा."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "दोन तास आहेत अजून. झोप जा. डबा काय करू?"