उलटा रुपया

नाण्याच्या जन्मखुणा आणि जगात वावरताना त्याला झालेल्या जखमा वेगळ्या ओळखणे, हा माझा जुना नाद. कन्हेरीसारख्या गावात हा नाद चालतो तरी कसा, असे आमचे पुण्याचे पाहुणे विचारतात. जणू काही नाणी फक्त पुण्यातच झिजतात!

टांकसाळीत कोऱ्या चकतीवर दोन्ही अंगांनी ठसे दाबले जातात. जे काय चुकायचे, ते त्या क्षणी किंवा त्याच्या आधी. ठशाला तडा गेलेला असला की धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. खिळ्याने ओढलेली रेघ खोल जाते आणि तिच्या कडेला धातूचा कंगोरा साचतो. चकती कापतानाच तिचा एक घास गेला असेल, तर बरोबर समोरची कडही बहुधा पुसट उमटते. मागाहून कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत. लबाडाला नेमकी ही दुसरी बाजू आठवत नाही.

शिवराईपुढे ही सारी हुशारी लंगडी पडते. ती हातोड्याच्या घावाने घडलेली. चकती लहान, ठसा मोठा. ‘श्री राजा शिव’ यातले एखादे अक्षर काठाबाहेर राहणे हा तिथे नियमच. अक्षरन्‌अक्षर उमटलेली शिवराई हाच अपवाद. तसाच १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा. युद्धकाळात धातू वाचवण्यासाठी टांकसाळीनेच भोक पाडले आणि मुकुट, अक्षरे, पानांची माळ सारे त्याच्याभोवती बेतले. पोराच्या करदोट्यात ओवायला घरी पाडलेले भोक अक्षरांची गय करीत नाही.

गेल्या हंगामात ऊसतोडीला आलेला एक गडी मधल्या सुट्टीत शाळेत आला. मुठीत रुपया. त्याच्या सिंहाच्या बाजूला दुसऱ्या बाजूचा आकडा, आरशात दिसावा तसा उलटा आणि खोल.

“गुर्जी, फोनवरचा मानूस ह्याचं दोन लाख देतो म्हनतोय. आदी दोन हजार भरायचं. पोरीचं लगीन हाय.”

असा खरा रुपयाही असू शकतो. तयार नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी छाप पडते. पण मग ती छाप त्या अंगाला एकटीच असते आणि पाठ चोख उमटलेली असते. मी भिंग लावले. उलट्या आकड्याखाली सिंहांचे पाय अजून दिसत होते. पाठीमागची कणसे चेपलेली होती. कुणीतरी वर दुसरे नाणे ठेवून दाबले होते, बस्स.

भिंग त्याच्या हाती देऊन सिंहांचे पाय त्यालाच शोधायला लावले. नुसते ‘खोटे’ म्हणणे मला बरे वाटेना. त्याच्या दोन लाखांत मांडव पडला होता, जेवणावळ उठली होती. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने कुणी शुल्क मागितले तर ती फसवणूक समजावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावले होते, तेही सांगितले. तो पुष्कळ वेळ भिंगातून पाहत राहिला.

“हायती पाय,” तो शेवटी म्हणाला. कनवटीचे दोन हजार त्याने एकदा चाचपले. मग रुपया उलटापालटा करीत विचारले, “आन् दुकानात चालंल न्हवं ह्यो?”