नऊ ठिपके

पाच वर्षांच्या मुलाने पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणून दाखवले, तेव्हा आईचा चेहरा अभिमानाने फुलला. त्याच संध्याकाळी तिने त्याला सहा वाट्या आणायला सांगितल्या. हाताला लागतील तेवढ्या घेऊन तो आला. पुन्हा पाठवले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पाठीत धपाटा बसला.

"शंभरपर्यंत येतात ना तुला? मग सहा वाट्या कळत नाहीत?"

खरे तर त्याला आकडे येतच नव्हते. शंभर शब्दांचे एक गाणे पाठ होते. बोट तिसऱ्या वाटीवर असताना तोंड पाचवर पोहोचायचे. एखादी वाटी दोनदा मोजली जायची, एखादी राहूनच जायची. पुष्कळ मुलांचे असे होते, आणि पुष्कळ घरांत त्यावर उपाय धपाट्याचाच!

आजी त्या वेळी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात सडा पडल्यावर त्यांनी रांगोळीचा डबा नातवापुढे सरकवला.

"मला आता वाकवत नाही रे. ठिपके तू दे. तीन ओळी, एकेकीत तीन. पण चिमूट सुटल्याशिवाय पुढचा आकडा म्हणायचा नाही हं!"

आता तोंडाला हातासाठी थांबावे लागले. तरी पहिल्या दिवशी तोंडाने नऊ झाले, जमिनीवर मात्र सातच ठिपके. आजींनी ते तसेच जोडायला सांगितले. एक कोपरा उघडाच राहिला. चुकले, असे कोणी म्हटले नाही. त्यानेच हाताने सारे पुसून टाकले.

आठवड्याने आजींनी दुसरी मांडणी सांगितली : एक, दोन, तीन, दोन, एक. शेजारी कालचा चौकोन होताच.

"यात जास्त आहेत!" नवी रांगोळी लांब पसरली होती ना! लहान मुले संख्येपेक्षा पसाऱ्यावर जातात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवून दिले होते. आजींना पियाजे कुठून ठाऊक असणार? त्यांनी चौकोनाच्या प्रत्येक ठिपक्यावर एकेक चिंचोका ठेवायला लावला, मग तेच चिंचोके दुसऱ्या रांगोळीवर. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही. मुलगा बराच वेळ नुसता बघत बसला.

१९४५मध्ये बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, ती शिंपले, बिया, पाने अशा जवळच्या वस्तूंवरच. तरीही घरोघरी पैसे खर्च होतात ते भिंतीवरच्या तक्त्यांवर. या आईनेही दोन आणले होते.

सगळेच काही ठिपक्यांनी सुटले नाही. 'पंचवीस' म्हटले की तो अजूनही आधी पाच लिहितो, कारण मराठीत पाचच आधी ऐकू येतो. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता!

परवा पुन्हा पाहुणे आले. या वेळी आईने आकडे म्हणायला सांगितले नाही. त्याने आपणहून पाटांपुढे वाट्या मांडल्या, एकेका माणसाकडे बघत. एक पाट रिकामाच राहिला.

"स्वतःला कुठे मोजलंस?" आजी हसल्या.

आईने सातवी वाटी आणायला त्यालाच पाठवले.