केनवड ते सोपारा

वऱ्हाडातील व्यापारी घराला समुद्र म्हणजे फार दूरचा नातेवाईक. मिठाच्या पोत्यामुळे त्याचे नाव रोज घरात येते. भेट मात्र पिढीतून एखाद्याच वेळी होते. रिसोड तालुक्यातील केनवडच्या एका जैन कुटुंबात तर प्रवास या शब्दाचा यात्रेपलीकडे अर्थच नव्हता. जवळ शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, सवड मिळाली तर शंखेश्वर, पालिताणा, आणि आयुष्यात एकदा शिखरजी. दुकान बंद ठेवायचे ते देवासाठी किंवा कोणाच्या दुःखाच्या प्रसंगी. हौसेखातर त्या दुकानाचे शटर दिवसा खाली आलेले केनवडच्या पेठेने कधी पाहिले नव्हते.

असे असता सात वर्षांच्या नातीने आणि चार वर्षांच्या नातवाने नाताळच्या सुट्टीत समुद्र पाहण्याचा हट्ट धरला. सोयाबीनची धांदल संपली होती आणि नवी तूर बाजारात यायची होती, म्हणून वेळेची सबब आजोबांना देता येईना. खरी अडचण त्यांनी बोलून दाखवली नाही. येत्या जूनपासून मुलांच्या शाळेसाठी मुलगा-सून पुण्याला बिऱ्हाड करणार होते. दिवाळीत ही गोष्ट ठरली, आणि त्या दिवसापासून आजोबांनी त्याविषयी एक शब्दही विचारला नव्हता. न विचारणे हीच काही घरांतील नापसंतीची भाषा असते. आता मुलांना समुद्र दाखवायला न्यायचे म्हणजे त्या निरोपाला आपल्या हाताने कुंकू लावण्यासारखे त्यांना वाटत असावे.

मार्ग सुनेने काढला. “बाबूजी, सोपाऱ्याला जाऊ. श्रीपाळ राजाच्या कथेतलं सोपारक तेच ना?” आजी ओळीच्या दिवसांत श्रीपाळ-रास ऐकत आलेल्या. सोपारक नगरीची राजकन्या श्रीपाळाने वरली, हे त्यांना तोंडपाठ. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविध तीर्थकल्प’ रचला, त्यात सोपारकाचा तीर्थ म्हणून उल्लेख आहे, हे सुनेने पुढे सांगितले. तीर्थ म्हटल्यावर आजोबांचा विरोध अर्धा झाला. उरलेला अर्धा समृद्धी महामार्गाने संपवला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून मेहकरजवळ त्या रस्त्याला लागायचे आणि भिवंडीपाशी उतरायचे, इतके ते सोपे झाले आहे.

लहान मुले आणि जैन स्वयंपाकघर बरोबर घेऊन निघणे ही गोष्ट मात्र सोपी नाही. आजींची नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत तोंडात काही नाही. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेले हवे. आणि मधल्या वेळेत चार वर्षांच्या मुलाला दर तासाला भूक. डब्यांत ठेपले, खाखरे, मुरमुरे आणि सुकी भाजी, कळशीत उकळलेले पाणी. निघताना आजींनी सर्वांच्या हातावर दही-साखर ठेवली. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात नातू डोळे मिटून नवकार म्हणत होता. बोगदा संपला, पण त्याचा नवकार भिवंडीपर्यंत चालू राहिला.

सोपाऱ्याचे पहिले दर्शन निराशा करणारे असते. नालासोपाऱ्याची गर्दी, रिक्षा, इमारतींवर इमारती, आणि त्यांच्यामधून अचानक कुंपणातील मोकळी जागा व विटांचा ढिगारा. गावात त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत आले आहेत. वास्तविक तो बौद्ध स्तूप आहे. “हे तर पडलेलं घर आहे,” नात म्हणाली. ती चुकली असे म्हणता येणार नाही. जुन्या अवशेषांचे वर्णन करताना मोठी माणसे जो गहिवर आणतात तो मुलांना नसतो. त्यांना त्या जागी काय नाही हे आधी दिसते.

त्या ढिगाऱ्यात जीव आला तो पेटीच्या गोष्टीने. एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले तेव्हा एक दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, आणि असे एकात एक करत शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या पात्राचे फुटके तुकडे. बुद्धांचे भिक्षापात्र म्हणून ते कोणी जपले होते. बरोबर ब्राँझच्या आठ लहान मूर्तीही होत्या. हा ठेवा आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

“सोन्याच्या डबीत फुटकं मडकं?” नातीला हा व्यवहार पटेना. आजी म्हणाल्या, “महाराजांचं पात्र आपण टाकून देऊ का?” नातीने क्षणभर विचार केला आणि विटांकडे पुन्हा, या वेळी नीट, पाहिले.

याच गावच्या परिसरात त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याचा आशय प्रवासाविषयीच आहे, हा योगायोग मोठा आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या विहारयात्रा करीत, शिकारी करीत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर धर्मयात्रा सुरू केली, असे अशोक त्यात सांगतो. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व दान, वृद्धांची भेट, खेड्यापाड्यांतील लोकांशी बोलणे. सुनेने हे वाचून दाखवले तेव्हा आजोबांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचे समाधान उमटले. “पण बाबूजी, वाटेत त्यांनी मुलांना समुद्र दाखवला नसेल असं कुठं लिहिलंय?” असे तिने विचारले, त्यावर ते फक्त हसले.

नातवाचा प्रश्न निराळा होता. “इथं दुकानं कुठं होती?” या प्रश्नाने आजोबा खरे प्रवासात आले. एका दगडावर बसून त्यांनी सांगितले, की येथे खाडी होती, गलबते लागत, परदेशी खलाशांच्या जुन्या ग्रीक पुस्तकातही या बंदराचे नाव आहे. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाट उतरून या बाजूच्या बंदरांना येई. कापडही असेल, बहुधा आपल्याकडचा कापूसही असेल, असा व्यापाऱ्याला शोभणारा अंदाज त्यांनी जोडला. “मग सगळे गेले कुठं?” “खाडी गाळानं भरली. बोटी येईनात. व्यापारी दुसऱ्या बंदराला गेले.” एवढे बोलून ते थांबले. मुले फुलपाखरामागे धावली. बऱ्याच वेळाने त्यांनी मुलाकडे न पाहता विचारले, “पुण्याला भाडं किती ठरलंय?”

मुलाने आकडा सांगितला. “जास्त आहे,” आजोबा म्हणाले. “पाठशाळा जवळ आहे का?” दोन महिन्यांतील हा पहिला प्रश्न होता. सून पाण्याची कळशी उचलण्याच्या निमित्ताने पलीकडे गेली.

दुपारनंतर भुईगावचा किनारा. येथेच 1956 मध्ये अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक, विशेषतः बायका, नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम हेच खरे मंगल, असा त्याचा आशय. दही-साखरेचा विषय निघताच आजी म्हणाल्या, “राजाला लेकरं घेऊन गाडीत बसायचं नव्हतं.”

समुद्रापुढे नातू आधी आईच्या पदरात शिरला आणि पाच मिनिटांनी ओल्या वाळूतून बाहेर निघेना. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीचा वास येताच नातीने नाक धरले. “हे असं का करतात?” ज्या गावात शेत नाही तिथे लोक समुद्रावर पोट भरतात, आपण ते खात नाही, पण त्यांच्या दारात उभे राहून नाक धरायचे नाही, असे आईने सांगितले. उत्तर पुरेसे नव्हते, हे आईलाही कळत होते. काही प्रश्न मुलांच्या वयाबरोबरच वाढू द्यावे लागतात.

नातीने ओच्यात शंख-शिंपले गोळा केले. पाठशाळेत ती शिकली होती, की शंख बेइंद्रिय जीव. स्पर्श आणि रस, एवढीच दोन इंद्रिये. म्हणून आजींनी अट घातली: प्रत्येक शंख वाळूवर ठेवायचा, थांबायचे, आत कोणी नसेल तरच घ्यायचा. सहावा शंख चालू लागला. आतून पाय निघाले, आणि देठावरचे दोन डोळेही. “आजी, बेइंद्रियाला डोळे?” तो शंखाचा मूळ मालक नव्हता, रिकाम्या शंखात राहायला आलेला लहान खेकडा होता. अंग वाढले की तो मोठा शंख शोधतो आणि जुना सोडतो, असे बापाने समजावले. नातीने त्याला पाण्याच्या कडेला नेऊन ठेवले. आजोबा हे सारे उभे राहून पाहत होते.

डिसेंबर अखेरीस तिथे सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो. पावणेसहालाच आजींनी सुरूच्या झाडाखाली चटई टाकली. शेवटचा ठेपला नातीच्या हातात असताना सूर्य अर्धा पाण्यात गेला होता. केनवडला सूर्य तुरीच्या शेतांआड जातो, त्यामुळे इतका काटेकोर हिशेब कधी करावा लागला नव्हता. “अर्धा दिसतोय, अर्धा खाऊ?” आजींनी मान हलवली. तिने तो चार घासांत संपवला, पाणी प्यायले आणि हात जोडले. तोवर वरची लाल कडही गेली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरात दर्शन झाले. धवल शेठने लोभाने समुद्रात ढकललेला श्रीपाळ नवपदाच्या बळावर तरून ठाण्याच्या किनाऱ्याला लागला, अशी परंपरा. कालच्या लाटा पाहिल्यानंतर मुलांना ही गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकायची होती. समुद्रात पडल्यावर तो किती ओला झाला असेल, येथून तिची सुरुवात झाली.

गाडी पुन्हा महामार्गाला लागल्यावर मुले झोपली. मुलाने विचारले, “बाबूजी, घर एकदा पाहून जाल का? तुम्ही पाहिलंत तर बरं होईल.”

आजोबांनी खिडकीबाहेर पाहत मनात काही हिशेब केला. “तूर येऊन जाऊ दे,” ते म्हणाले. “मग येतो.”