कूस बदला, मावशी

शिरेतला पोर्ट असेल तर सुई बरोबर बसली की नाही ते सिरिंज मागे ओढल्यावर कळतं, रक्त येतं. पोटातल्या पोर्टला तसली सोय नाही. बरगडीच्या खालच्या काठावर कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिथून नळी थेट उदरपोकळीत. मागे कितीही ओढा, काही येत नाही. आधी साधं सलाईन सोडायचं, थेंब मोकळे पडतायत का पाहायचं, डबीभोवती बोटं फिरवून सूज चाचपायची, ‘चुरचुरतंय का’ विचारायचं. औषधाची बाटली त्यानंतरच लावायची.

मी तेव्हा पुण्यातल्या एका किमोच्या डे केअरमध्ये सिस्टर होते. पोटातल्या पोर्टमधून किमो घ्यायला येणाऱ्या मावशी सांगोल्याकडच्या. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, मग पुन्हा अंगावरून जायला लागलं आणि त्या कितीतरी दिवस कुणाला बोलल्याच नाहीत. गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, त्यातही सीरस जातीचा. हा पिशवीपुरता थांबत नाही. पोटाच्या आतल्या आवरणावर बारीक बारीक पसरतो, अंडाशयाच्या कॅन्सरसारखा. सर्जननी दिसेल ते सगळं काढलं होतं. काढावंच लागतं, पोटात सोडलेलं औषध गाठीत जेमतेम काही मिलिमीटर शिरतं.

पोटातून किमो देण्याच्या या उपचाराचा आधार मात्र अंडाशयाच्या कॅन्सरकडून उसना घेतलेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत पोटातून किमो घेणाऱ्या निम्म्या बायका ६५.६ महिन्यांहून अधिक जगल्या. नुसत्या शिरेतून घेणाऱ्यांत हा आकडा ४९.७ होता. पण पोटातले सहाही डोस पुरे केले ते फक्त ४२ टक्के बायकांनी. पिशवीच्या कॅन्सरसाठी एवढा भक्कम पुरावा नाही, हे डॉक्टरांनी मावशींच्या मुलाला आधीच सांगितलं होतं.

बाकीच्यांनी का सोडलं, ते खाटेजवळ उभं राहिलं की समजतं. सलाईन अंगाइतकं कोमट करून घ्यायचं, गार गेलं तर पोटात कळा येतात. सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध घातलेलं एक लिटर, त्यामागून साधं एक लिटर. परकराची नाडी सैल करावी लागते, श्वास वरवर होतो. मग दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची, म्हणजे औषध कानाकोपऱ्यात पोचतं. ‘‘सिस्टर, पोटात हंडा डुचमळतोय ओ,’’ मावशी म्हणायच्या आणि वळायच्या. हे पाणी परत काढत नाहीत, ते अंगात हळूहळू जिरतं. तोवर मळमळ, आणि मूत्रपिंडं जपायची म्हणून लघवी मोजत बसायचं. याला ‘रुग्णाची सहनशक्ती कमी’ असं लिहिणाऱ्यांचा मला रागच येतो.

तिसऱ्या डोसला थेंब अडला. मावशींना वळवलं, बसवलं, पुन्हा निजवलं, ढिम्म. जोर लावून ढकलायचं नसतं. एक्स-रेखाली रंग सोडून पाहिलं, नळीभोवती आतले पदर चिकटले होते. उरलेले डोस हाताच्या शिरेतून द्यायचे ठरले.

‘‘हातातनं सोडलं तरी पोटात पोचतंय व्हय?’’ मावशींनी विचारलं.

‘‘पोचतं की. रक्त सगळीकडे जातं,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘मग मला एवढं लोळीवलं कशाला?’’

थेट पोटात सोडलं की तिथे औषध रक्तातल्यापेक्षा दहा-वीस पट दाट राहतं, असं डॉक्टरांनी सावकाश समजावलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘दाट झालं तेवढं बास झालं,’’ म्हणाल्या. ‘‘आता पातळ द्या.’’