किडा नेमका कोणता?

परवा कुंभिवलीला आत्याच्या विहिरीचा गाळ उपसला. गाळात लाल दोऱ्यासारखे बारीक किडे. "ट्युबिफेक्स! म्हणजे पाणी घाण," मी ठोकून दिलं. आत्याचा चेहरा उतरला; लग्न होऊन आल्यापासून ती हेच पाणी पितेय.

रात्री लेकीच्या मायक्रोस्कोपखाली एक ठेवला. पाठीवर केसासारखे लांब रोम असले तर ट्युबिफेक्स असू शकतो, नसले तर बहुधा लिम्नोड्रिलस. याला नव्हते. पण नेमकी प्रजाती प्रौढ किड्याच्या जननेंद्रियांवरून ठरते, आणि हे तर पिल्लू! शिवाय असे किडे स्वच्छ पाण्याच्या गाळातही सापडतात.

लॉग न वाचता बगचं कारण सांगणाऱ्या ज्युनियरला मी झापतो. आणि इथे?

सकाळी म्हटलं, "आत्या, चुकलो. किडा कोणता ते नाही कळलं."

"बरं. मग पाणी तपासायला दे. तोवर उकळून पिऊ."