कप्पाबाशीचा सोनेरी कप्पा

टोकियो शहरांत उएनो आणि आसाकुसा या दोन भागांच्या मध्यें कप्पाबाशी नांवाचा रस्ता आहे. स्वयंपाकघराला लागणारी आणि येथें न मिळणारी वस्तु विरळाच. सुऱ्या, कढया, चाळण्या, चहाचे पेले. इतकेंच काय, उपाहारगृहांच्या दर्शनी कपाटांत मांडावयाचे हुबेहुब दिसणारे खोटे पदार्थसुद्धां! आमच्या मंडळींतील गृहिणींचे पाय प्रत्येक दुकानापाशीं अडत होते. त्यामुळें जो पुतळा पाहण्यास आम्ही निघालों होतों, त्याच्यापुढें पोहोंचावयास बराच अवकाश लागला.

पुतळा कप्प्याचा आहे. आपल्याकडे कप्पा म्हणजे कपाटाचा खण; जपानी लोककथांतील कप्पा हा नदींत राहणारा, लहान मुलाएवढा, पाठीवर कासवाची ढाल वागविणारा प्राणी. त्याच्या टाळूवर बशीसारखा खळगा असतो व त्यांतील पाण्यांत त्याचें सारें बळ. त्याला लवून नमस्कार करावा; तोहि शिष्टाचारास चुकत नाहीं, उलट लवतो, पाणी सांडतें आणि स्वारी दुबळी होते! मुलांना व घोड्यांना पाण्यांत ओढणारा असा हा प्राणी. आयांनीं ज्याचें भय घालावें, त्यालाच येथील व्यापाऱ्यांनीं इ. स. २००३ सालीं सोनेरी करून रस्त्याच्या कडेस उभा केला आहे.

याचें कारण दंतकथेंत सांपडतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा भाग सखल असून वारंवार पाण्याखालीं जाई. किहाची नांवाच्या, पावसाळी झगे विकणाऱ्या व्यापाऱ्यानें पदरचे पैसे घालून चर खणावयास घेतले. काम रेंगाळलें, तेव्हां सुमिदा नदींतील कप्पे रात्रीं येऊन खणूं लागले, अशी कथा. पावसाळी झग्यासहि जपानींत 'कप्पा'च म्हणतात. तो शब्द मात्र पोर्तुगीज. सोळाव्या शतकांत गोव्याहून पूर्वेकडे जाणाऱ्या गलबतांच्या मार्गानेंच पोर्तुगीज तिकडे पोहोंचले होते. झगेवाल्याची व जलचराची गांठ या शब्दसाम्यानेंच पडली असावी, असें आम्हांस वाटतें.

आमच्या आत्याबाईंना मात्र व्युत्पत्तींत गोडी नव्हती. "रात्रीं खरोखर खणलें कोणीं?" त्यांनीं विचारलें. चिखलांत कमरेइतके उभे राहणारे मजूर असतीलच. पैसे देणाऱ्याचें नांव उरलें, कप्प्याचा पुतळा झाला, आणि त्यांचें कांहींच नाहीं. आम्हांपैकीं कोणासहि उत्तर देतां आलें नाहीं.

जवळच सोगेन्जी नांवाचें देऊळ आहे. किहाचीची समाधि तेथें असल्याचें सांगतात. कप्प्याला काकडी फार प्रिय, म्हणून तेथें काकड्यांचाच नैवेद्य. आम्हीहि दोन काकड्या नेल्या. एक कप्प्यापुढें ठेविली. दुसरी आत्याबाईंनीं जरा बाजूस, निराळी ठेविली.